अभ्रिकांचे वेबकॅम छायाचित्रण

अभ्रिकांचे वेबकॅम छायाचित्रण : लहान दुर्बिणीची नेत्रिका काढून त्या जागी फेरबदल केलेला वेबकॅम बसवून आंतरतारकीय वायू व धूळ यांच्या मेघांची छायाचित्रे घेण्याची हौशी खगोलनिरीक्षकांची पद्धत. दुर्बिणीचे वस्तुभिंग किंवा आरसा साधारणपणे ६ ते २० सेंमी. व्यासाचा असतो. ग्रह आणि चंद्र यांसाठी वेबकॅम जसाच्या तसा चालतो. अभ्रिकांसाठी मात्र त्याच्या विद्युत मंडलातच (सर्किटमध्ये) हात घालावा लागतो. हा फेरबदल हेच या पद्धतीचे वैशिष्ट्य आहे.

संज्ञा : मराठीत अभ्रिका, तेजोमेघ आणि नेबुला असे तिन्ही शब्द वापरले जातात. तेजोमेघ हा शब्द कानाला गोड लागतो, पण मृगातील अश्वमुख अभ्रिकेसारखे कृष्णमेघ स्वतः प्रकाशत नाहीत. मागच्या उजेडावर त्यांची केवळ काळी आकृती दिसते. त्यांना तेजोमेघ म्हणणे बरोबर ठरत नाही. म्हणून येथे अभ्रिका हा शब्द स्वीकारला आहे. जुन्या लेखनात देवयानीतील एम ३१ लाही (‘एम’ म्हणजे मेस्ये यांच्या यादीतील क्रमांक) अभ्रिका म्हटलेले आढळते. ती दीर्घिका असल्याने या नोंदीच्या कक्षेत येत नाही.

पूर्वपीठिका : अभ्रिकेचे पहिले छायाचित्र हेन्‍री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी घेतले. मृगातील अभ्रिकेच्या (एम ४२) या छायाचित्रासाठी त्यांनी २८ सेंमी. व्यासाची भिंगाची दुर्बीण आणि ५१ मिनिटांचे उद्‌भासन (प्रकाश पडू देण्याचा काळ) वापरले. १८८३ मध्ये एन्झ्ली कॉमन यांनी ९१ सेंमी. आरशाच्या दुर्बिणीने याच अभ्रिकेचे जे छायाचित्र घेतले, त्यात डोळ्यांना त्या दुर्बिणीतूनही न दिसणारे तारे उमटले. छायाचित्रण हे केवळ नोंदीचे साधन नसून पाहण्याचे साधन आहे, हे तेव्हापासून मान्य झाले. डोळा प्रकाश साठवत नाही, छायाचित्रणाची लेपित काच साठवते. वेबकॅममधील फेरबदलाचे मर्मही हेच आहे.

विद्युतभार-युग्मित प्रयुक्ती, म्हणजेच सीसीडी, १९६९ मध्ये विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी बेल प्रयोगशाळेत मांडली (दोघांना २००९ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले). वेधशाळांनी ती लवकर उचलली, पण हौशी निरीक्षकाला तिची किंमत परवडणारी नव्हती. १९९४ मध्ये क्विककॅम हा वेबकॅम बाजारात आला आणि सीसीडी असलेला स्वस्त कॅमेरा संगणकाला जोडता येऊ लागला.

फेरबदलाचा उगम : याबाबत एकवाक्यता नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस क्विककॅम वापरणाऱ्या हौशी मंडळींनी त्यावर निरनिराळे प्रयोग चालवले होते, त्यामुळे दीर्घ उद्‌भासनाची कल्पना एकाच व्यक्तीच्या नावे करणे कठीण आहे. फिलिप्सच्या व्हेस्टा आणि टूकॅम या वेबकॅममध्ये करायच्या ज्या फेरबदलाचा पुढे सर्वत्र प्रसार झाला, तो मात्र स्टीव्ह चेंबर्स यांच्या नावाने ओळखला जातो. त्याचा काळ सामान्यतः २००० नंतरची पहिली एक-दोन वर्षे असा धरतात. अशा कॅमेऱ्यांना जोडली जाणारी ‘एससी’ ही अक्षरे त्यांच्याच नावाची आद्याक्षरे होत. कल्पना अनेकांची असली तरी इतरांना घरबसल्या करता येईल अशी ती चेंबर्स यांनी मांडली, म्हणून श्रेय त्यांच्याकडे जाणे उचित वाटते.

‘फेरबदल’ या शब्दानेही घोटाळा होतो. काही जण वेबकॅमचे मूळ भिंग आणि त्यासोबतचा अवरक्त-रोधक गाळक (फिल्टर) काढण्यालाच फेरबदल म्हणतात. ते काम आटे फिरवण्याइतके सोपे आहे आणि ग्रहांच्या छायाचित्रणासाठीही करावेच लागते. अभ्रिकांच्या संदर्भात फेरबदल म्हणजे उद्‌भासनकाल वाढवणे, असाच अर्थ घ्यावा.

कार्यपद्धती : फेरबदल न केलेला वेबकॅम सेकंदाच्या काही अंशातच प्रत्येक चौकट (फ्रेम) पुरी करतो. आतली सीसीडी मात्र कितीतरी अधिक काळ प्रकाश साठवू शकते. तिच्या प्रत्येक पिक्सेलमध्ये प्रकाशामुळे विद्युतभार जमतो. चौकट संपली की एक संकेत येतो, जमलेला भार शेजारच्या उभ्या झाकलेल्या पट्टीत सरकतो आणि तेथून ओळीओळीने वाचला जातो. हा सरकवणारा संकेत वाटेत अडवला, तर भार पिक्सेलमध्येच राहतो आणि साठत जातो. त्यासाठी संकेत पुरवणाऱ्या आयसीचा (इलेक्ट्रॉनीय चिपचा) एक पाय मंडलपाटीवरून अलगद उचलतात आणि मध्ये एक इलेक्ट्रॉनीय द्वार बसवतात. त्या द्वाराची उघडझाप संगणकाच्या समांतर पोर्टवरून करतात. जमलेला भार रिता करणारा शटरचा संकेतही या वेळात येऊ नये, अशी मांडणी ठेवावी लागते.

गंमत अशी की कॅमेऱ्याला स्वतःला याचा पत्ताच नसतो. तो नेहमीच्या वेगाने चौकटी पाठवतच राहतो, फक्त त्या कोऱ्या असतात. पडद्यावर काळे, पुन्हा काळे, आणि वीस सेकंदांनी द्वार उघडले की एकाच चौकटीत अभ्रिका लखकन दिसून जाते. पुढची चौकट परत काळी. तेवढी एक चौकट अचूक पकडणे हे संगणकप्रणालीचे काम असते. आयसीचे पाय एकमेकांपासून मिलीमीटरभरही दूर नसतात. डाखणी (सोल्डरिंगची सळई) जरा जास्त टेकली तर तांब्याची वाट पाटीवरून सुटून येते आणि कॅमेरा निकामी होतो. बारीक टोकाची डाखणी, भिंग आणि स्थिर हात यांना पर्याय नाही.

दीर्घ उद्‌भासनात एक नवा दोष उघडा पडतो. सीसीडीच्या कडेला असलेला वर्धक (अँप्लिफायर) स्वतःच मंद प्रकाशतो आणि चौकटीचा एक कोपरा उजळून निघतो. उद्‌भासन चालू असताना वर्धकाचा वीजपुरवठा तोडणे हा त्यावरचा पुढचा फेरबदल. रंगीत सीसीडी काढून कृष्णधवल बसवण्यापर्यंतही काहींनी मजल मारली. त्याचे कारण पुढे येईल.

वर्णपट व गाळक : उत्सर्जक अभ्रिकांचा प्रकाश मोजक्या रेषांत एकवटलेला असतो. विल्यम हगिन्झ यांनी १८६४ मध्ये एका ग्रहीय अभ्रिकेचा (ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूचे कवच; ग्रहांशी संबंध नाही) वर्णपट पाहून ती वायूची असल्याचे ओळखले. तिच्यातील हिरव्या रेषा दुहेरी आयनीभूत ऑक्सिजनच्या आहेत हे आयरा बोवेन यांनी १९२७ मध्ये दाखवले, तोवर त्या ‘नेब्युलियम’ या कल्पित मूलद्रव्याच्या मानल्या जात. छायाचित्रणात हायड्रोजनची तांबडी रेषा (६५६.३ नॅनोमीटर) आणि ऑक्सिजनच्या रेषा (४९५.९ व ५००.७ नॅनोमीटर) महत्त्वाच्या. अंधाराला सरावलेला डोळा ५०७ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक संवेदनक्षम असतो व तांबडा जवळजवळ टिपत नाही. त्यामुळे नेत्रिकेतून राखाडी-हिरवट दिसणारी मृगातील अभ्रिका छायाचित्रात गुलाबी-तांबडी येते. दोन्ही खरेच आहेत.

रंगीत सीसीडीवर दर चार पिक्सेलांपैकी एकच तांबड्या गाळकाखाली असतो, म्हणून हायड्रोजनचा प्रकाश टिपण्यात तिचा बहुतेक पृष्ठभाग वाया जातो. कृष्णधवल सीसीडीचा आग्रह यासाठीच. भिंगाच्या दुर्बिणीत अवरक्त प्रकाश वेगळ्या ठिकाणी केंद्रित होऊन तारे फुगवतो, म्हणून हायड्रोजनची रेषा जाऊ देणारा पण त्यापलीकडचे अवरक्त अडवणारा गाळक लावतात. आरशाच्या दुर्बिणीत हा प्रश्न फारसा येत नाही.

दृष्टिक्षेत्र : टूकॅममधील सीसीडी ६४० × ४८० पिक्सेलांची, प्रत्येक पिक्सेल ५.६ मायक्रॉनचा, म्हणजे सारा पृष्ठभाग जेमतेम ३.६ × २.७ मिमी. १,००० मिमी. नाभीय अंतराच्या दुर्बिणीवर यात आकाशाचा सुमारे १२ × ९ कोनीय मिनिटांचा तुकडा मावतो. पूर्ण चंद्राचा व्यासही याच्या अडीचपट असतो. साहजिकच अंशभर पसरलेली मृगातील अभ्रिका एका चौकटीत येत नाही, समलंब (ट्रॅपेझियम) नावाच्या समूहातील चार तारे आणि भोवतीचा झगझगीत गाभा तेवढा येतो. हंसातील अवाढव्य उत्तर अमेरिका अभ्रिकेचा (एनजीसी ७०००) तर विचारच सोडावा. उलट स्वरमंडलातील वलयाकृती अभ्रिका (एम ५७) या पद्धतीसाठीच घडवल्यासारखी आहे. सव्वा-दीड मिनिटाच्या या वलयाला येथे सत्तरएक पिक्सेल मिळतात आणि आतली निळसर-हिरवी पोकळी व बाहेरची तांबूस कड स्पष्ट वेगळी दिसते. जंबुकातील डमरूसारखी एम २७ आणि वृषभातील कर्क अभ्रिका (एम १) याही सोयीच्या. लहान पण तेजस्वी अभ्रिका निवडणे हेच शहाणपणाचे.

नाभीय अंतर घटवणारे भिंग लावले तर क्षेत्र वाढते आणि प्रतिमा उजळही होते. कॅमेरा दुर्बिणीत बसवण्यासाठी ३५ मिमी. फिल्मची प्लॅस्टिकची डबी वापरण्याची युक्ती सर्वांना माहीत आहे. बूड कापलेली ती डबी सव्वा इंची नेत्रिकानळीत जवळजवळ नेमकी बसते.

मांडणी व अनुसरण : आकाश सेकंदाला सुमारे १५ कोनीय सेकंद सरकते. वरील दुर्बिणीवर स्थिर उभ्या कॅमेऱ्यात तारा दर सेकंदाला १३ पिक्सेल पुढे जाईल. म्हणून ध्रुवाशी नीट जुळवलेली, मोटर लावलेली विषुववृत्तीय मांडणी (आकाशाच्या गतीबरोबर दुर्बीण फिरवणारा आधार) हवीच. लहान मांडण्यांच्या दंतचक्रात आवर्ती चूक असते, ती उद्‌भासन २० ते ३० सेकंदांपुरते मर्यादित ठेवून सांभाळतात आणि ओढलेले तारे असलेल्या चौकटी टाकून देतात. फोकसबाबत हयगय चालत नाही. एफ/५ दुर्बिणीवर (नाभीय अंतर व्यासाच्या पाचपट) फोकसची मुभा दोन्हीकडे सुमारे २७ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी.

चौकटींची बेरीज : अनेक चौकटी जुळवून त्यांची सरासरी काढली की गोंगाट (संकेतातील अनियमित चढउतार) चौकटींच्या संख्येच्या वर्गमूळाच्या प्रमाणात घटतो, १०० चौकटींनी दहापट फायदा. यावरून ‘थोड्या लांब की पुष्कळ छोट्या’ असा जुना वाद आहे. प्रत्येक चौकट वाचताना ठरावीक गोंगाट मिसळतो, तेव्हा अंधाऱ्या आकाशाखाली लांब उद्‌भासन सरस ठरते. उजळ आकाशात पार्श्वभूमीचा गोंगाट त्याहून मोठा होतो आणि मग लांबवण्यात फारसा अर्थ उरत नाही. वेबकॅमच्या बाबतीत आणखी एक मुद्दा विसरला जातो : तो केवळ ८ बिटांत, म्हणजे २५६ पायऱ्यांत मोजतो. अभ्रिकेची फिकट कड एका पायरीहून कमी असेल आणि गोंगाटही तितकाच क्षीण असेल, तर हजार चौकटी जोडूनही ती उमटत नाही. थोडा गोंगाट असेल तरच सरासरीतून ती वर येते. म्हणून मांडणी साथ देईल तितके लांब उद्‌भासन घेऊन मग संख्या वाढवणे हा मार्ग अधिक ग्राह्य वाटतो.

सीसीडीला थंडावा नसल्याने तप्त पिक्सेल (प्रकाशाशिवायही उजळ दिसणारे) मिठाचे कण सांडल्यासारखे चौकटभर दिसतात. दुर्बिणीचे झाकण लावून तेवढ्याच कालावधीची काळी चौकट घेऊन ती वजा करतात. तापमान सहा-सात अंशांनी वाढले की हा अंधारप्रवाह दुप्पट होतो, म्हणून काळ्या चौकटी त्याच रात्री घ्याव्यात. काहींनी पंखा किंवा पेल्त्ये शीतक (विजेवर थंड होणारी पट्टी) जोडला. त्यात दव धरण्याचा त्रास होतो.

सद्यःस्थिती : पुढे वेबकॅममध्ये सीसीडीऐवजी सीमॉस या वेगळ्या जातीचे संवेदक आले. त्यांत वेळेचे नियंत्रण चिपच्या आतच असल्याने अडवायला बाहेर संकेतच उरला नाही. समांतर पोर्टही संगणकावरून गेले, आणि दीर्घ उद्‌भासनाचे तयार खगोलीय कॅमेरे मिळू लागले. फेरबदल केलेले जुने वेबकॅम नंतर मुख्यतः दुर्बिणीच्या मार्गदर्शनासाठी (तारा चौकटीत एकाच जागी राखण्यासाठी) वापरले गेले.