गाडी घाटातच का तापते?

आमची वीस वर्षं जुनी डिझेल जीप पुण्यातल्या सिग्नलांवर कितीही वेळ खोळंबली तरी तापायची नाही. साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट चढू लागली, की मात्र काटा लाल पट्टीत. थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर उतरवून साफ करून घेतला, नवं कूलंट (इंजिनाची उष्णता वाहून नेणारा द्रव) भरलं. पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

गाडी तापते हे आम्ही सगळ्यांना सांगत होतो. ती कधी तापते, हे कुणी विचारलं नव्हतं. खरं तर अर्धं निदान तिथेच होतं. उभी असताना तापून धावताना निवणारी गाडी पंख्याकडे बोट दाखवते, कारण वेगात समोरचा वाराच पंख्याचं काम करतो. आमचं नेमकं उलट होतं. जळालेल्या डिझेलच्या ऊर्जेपैकी साधारण तिसरा हिस्साच गाडी ओढायला कामी येतो. उरलेली उष्णता सायलेन्सरवाटे आणि कूलंटवाटे बाहेर पडते. चढावर डिझेल जास्त जळतं, म्हणून कूलंटही जास्त वेगानं फिरावं लागतं. ते कुठेतरी अडत होतं.

अखेर एका अनुभवी मेकॅनिककाकांनी बॉनेट उघडं ठेवून, गरम इंजिनाला जागेवरच रेस द्यायला सांगितली. रेडिएटरच्या तळाकडून वॉटर पंपाकडे जाणारा होज पाइप आमच्या डोळ्यांदेखत चपटा झाला! रेस सोडली, की पुन्हा गोल. शहाळं पिताना मलई अडकली आणि आपण जोरात ओढलं, की स्ट्रॉ मिटते ना, अगदी तसं. पंप जेवढा जोरात फिरेल, तेवढी वाट अरुंद. आयडलिंगवर, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू ठेवून, तपासणाऱ्या कुणालाही हे दिसणं शक्यच नव्हतं. पाइप मिटू नये म्हणून आत तारेची स्प्रिंग असते. आमची गंजून तिचे तुकडे झाले होते.

पण पाइपाला आतून तोलून धरणारी आणखी एक गोष्ट असते: दाब. तो राखतं रेडिएटरचं झाकण. बऱ्याच गाड्यांत ते वातावरणाच्या दाबावर आणखी सुमारे 0.9 बार दाब धरून ठेवतं. त्यामुळे साधं पाणीसुद्धा 100 ऐवजी 118-119 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. (म्हणूनच गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नये, दाब सुटताच पाण्याची वाफ होऊन ती अंगावर उसळते.) आमच्या झाकणाचं रबर कडक होऊन दाब निसटत होता. शंभर-दोनशे रुपयांच्या या वस्तूकडे आधी कुणाचंही लक्ष गेलं नव्हतं.

याआधी एका गॅरेजात थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याचा सल्ला मिळाला होता. तो ऐकला नाही, याचं आज समाधान वाटतं. थर्मोस्टॅटमधलं मेण साधारण 82 ते 88 अंशांना वितळून फुगतं आणि झडप उघडतं. तोवर इंजिन लवकर गरम व्हावं म्हणून कूलंटची रेडिएटरकडे जाणारी वाट बंद असते. तो नसेल, तर इंजिन बराच वेळ थंडच चालतं, डिझेल जास्त पितं आणि झिजतंही जास्त.

पाइप आणि झाकण, दोन्ही बदलली. पुढच्या खेपेला खंबाटकीच्या माथ्यावर पोहोचलो तेव्हा काटा मध्यावर स्थिर होता.