शोकांतिका: शेवटाच्या आधीचं सगळं

आमच्याकडे बडोद्याच्या दांडिया बाजारात 'शोकांतिका' हा शब्द नाटकवाल्यांपेक्षा घरातलीच माणसं जास्त वापरतात. कोणाचा मुलगा कॅनडाला गेला आणि आईवडील चार खोल्यांत दोघंच उरले की शोकांतिका, कोणाचा जुना वाडा भाऊबंदकीत कुलूप लागून पडला की शोकांतिका, आणि राजकारणावर बोलणं निघालं की 'हीच तर आपली शोकांतिका आहे' हे ठरलेलं. मला ते चुकीचं वाटत नाही, पण या शब्दाच्या मागे बराच मोठा प्रवास आहे आणि त्यातला एक महत्त्वाचा मुक्काम आपल्या बडोद्यात झालाय, म्हणून हे लिहितोय.

शब्दाकडे नीट बघा, शोक आणि अंत, म्हणजे जिचा शेवट शोकात होतो ती. जुने लोक 'शोकपर्यवसायी नाटक' म्हणायचे, अर्थ तोच. म्हणजे मराठीनं सगळा भार शेवटावर टाकला. ज्या ग्रीक शब्दावरून 'ट्रॅजेडी' आला त्यात शेवटाचा काही संबंधच नाही, त्याचा शब्दशः अर्थ 'बोकडाचं गाणं' असा होतो, आणि ते नाव का पडलं यावर अभ्यासक अजून भांडतात. अथेन्समध्ये डायोनिसस या देवाच्या उत्सवात ही नाटकं स्पर्धेत व्हायची. इ.स.पू. ४५८ मध्ये एस्किलस या नाटककारानं जी तीन नाटकांची माळ सादर केली तिच्यात नवऱ्याचा खून, मग आईचा खून असं सगळं होतं आणि शेवट मात्र कोर्टात, मुलाच्या सुटकेनं होतो. तरी ती ट्रॅजेडीच. पुढे अ‍ॅरिस्टॉटलनं सांगितलं की नायक फार पुण्यवान नको आणि दुष्टही नको, आपल्यासारखाच पण जरा वरचा, आणि त्याच्या हातून एक चूक व्हावी, हॅमार्टिया. ती बघताना आपल्याला त्याची दया येते आणि भीतीही वाटते. भीती का, तर त्याच्या जागी आपण असू शकतो म्हणून. मला हे 'आपण असू शकतो' सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे गोष्ट वेगळी होती. नाट्यशास्त्रात करुण रस आहे, शोक हा त्याचा स्थायीभाव, म्हणजे मुळातली भावना, पण नायकाचा मृत्यू रंगमंचावर दाखवायचा नाही असा संकेत. भवभूती तर म्हणतो रस एकच, करुण, बाकीचे सगळे त्याचीच रूपं, आणि तरी त्याच्या उत्तररामचरितात शेवटी राम-सीता भेटतात, रामायणात सीता धरणीत जाते हे माहीत असूनही. रडवायचं पोटभर, पण प्रेक्षकाला घरी पाठवताना सावरून पाठवायचं. भासाचं ऊरुभंग याला अपवाद, त्यात मांडी मोडलेला दुर्योधन सगळ्यांसमोर प्राण सोडतो. पण भासाची म्हणून जी नाटकं आज आपण वाचतो ती गणपतिशास्त्री या संस्कृत पंडितांना त्रावणकोरात सापडली आणि १९१२ पासून छापून आली, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या मराठी नाटककारांच्या हातात ऊरुभंग नव्हतंच.

त्यांच्या हातात शेक्सपिअर होता, आणि पेशवाईच्या आठवणी होत्या. १८६१ मध्ये विनायक जनार्दन कीर्तने या विशीतल्या पोरानं 'थोरले माधवराव पेशवे' लिहिलं, शेवट माधवरावांच्या मृत्यूनं आणि रमाबाईंच्या सती जाण्यानं. पौराणिक खेळांमधले राक्षस आणि आरडाओरडा बघायची सवय असलेल्या लोकांसमोर क्षयानं खंगणारा तरुण पेशवा, ही केवढी मोठी उडी होती. मग आगरकरांनी हॅम्लेट मराठीत आणला, देवलांनी ऑथेल्लोचा 'झुंझारराव' केला. हे सगळं भराभर झालं, त्यात फार रेंगाळत नाही.

रेंगाळायचं ते १९१९ पाशी. राम गणेश गडकरी नवसारीत जन्मलेले, म्हणजे तेव्हाच्या गायकवाडी मुलखातले. २३ जानेवारी १९१९ ला ते सावनेरला वारले, वय अवघं ३३. आणि महिनाही उलटला नव्हता, २० फेब्रुवारीला गंधर्व नाटक मंडळीनं त्यांच्या 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग बडोद्यात केला. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व, तिच्या नवऱ्याच्या, सुधाकरच्या भूमिकेत गणपतराव बोडस. ज्या बालगंधर्वांचे शालू बघायला बायका यायच्या ते ठिगळाच्या लुगड्यात उभे राहिले. लिहिणारा प्रेक्षागृहात नाही, आणि लोक रडतायत. मी रावपुऱ्यातून जाताना कधीकधी त्या रात्रीचा विचार करतो, नाटक सुटल्यावर माणसं घरी कशी चालत गेली असतील.

'एकच प्याला' ही खरी शोकांतिका की दारूबंदीचं प्रचारनाटक, हा वाद जुना आहे. सिंधू फारच सोसते, योगायोग आहेत, दारुड्या तळीरामाचा विनोद मध्येच येतो, हे आक्षेप मला कळतात. पण सुधाकर बघा. हुशार वकील, मानी, कोर्टात खटका उडतो, काही महिन्यांसाठी सनद जाते, आणि त्या अपमानात पहिला पेला. नंतर तो एकदा दारू सोडतोही. काम मागायला ओळखीच्यांकडे जातो, तिथे त्याचा अपमान होतो, आणि परत बाटली. माझ्या मते नाटकाचं काळीज त्या जागी आहे. शेवटी मूल, सिंधू, तो स्वतः, सगळे जातात ते भयंकर आहेच, पण त्या मधल्या दिवशी कोणी त्याला नीट बसवून घेतलं असतं, एखादं साधं काम दिलं असतं तर? तिथपर्यंत सगळं थांबवता येण्यासारखं होतं. आपला शब्द शेवटाकडे बोट दाखवतो आणि ही जागा झाकली जाते.

१८ जानेवारी २०२४ ला बडोद्यातल्या हरणी तलावात सहलीला आलेल्या शाळकरी मुलांची बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. त्या रात्री आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणी 'दुर्घटना' लिहीत होतं, कोणी 'शोकांतिका', आणि मला पहिल्यांदा या दोन शब्दांतला फरक टोचला. दुर्घटना म्हटलं की आभाळातून पडल्यासारखं वाटतं. पण बोटीत क्षमतेपेक्षा जास्त मुलं बसवली होती, बऱ्याच जणांना लाइफ जॅकेट नव्हतं, म्हणजे बोट सुटायच्या आधी 'थांबा' म्हणायला जागा होती. नाटकातली शोकांतिका बघून भीती वाटते ती याच जागेची.

आणि घरातलं सांगायचं तर माझी मावशी बरीच वर्षं एका दवाखान्यात नर्स होती. राज्यात दारूबंदी, तरी ड्रेसिंगला येणाऱ्या बायकांमध्ये नवऱ्यानं पिऊन मारलेल्या असायच्याच. एकच प्यालात सिंधू फौजदारासमोर नवऱ्याचं नाव घेत नाही, आपणच पडलो म्हणते, त्यावर आजचे प्रेक्षक चिडतात, इतकं कसं सोसते म्हणून. मावशी नाही चिडायची. तिच्या समोरच्या बाकड्यावर बसून बायका तेच सांगायच्या, कोणी मराठीत, कोणी गुजरातीत, पायरीवरून पाय घसरला. मावशी पट्टी बांधत विचारायची, 'कुठली पायरी गं?', आणि उत्तर येईपर्यंत हात मुद्दाम सावकाश चालवायची.