‘स्लीप’ या एका नावाखालच्या दोन झोपा

महापे किंवा ऐरोलीच्या कार्यालयातून निघताना लॅपटॉपचे झाकण मिटायचे, तो पाठीवरच्या बॅगेत टाकायचा आणि ठाण्याची लोकल पकडायची, हा असंख्य नोकरदारांचा रोजचा क्रम आहे. घरी बॅग उघडावी तर लॅपटॉपचा तळ हाताला गरम लागतो, पंखा फिरत असतो आणि निघताना भरलेली बॅटरी बरीच खाली आलेली असते. असे झाले की दोष यंत्राच्या वयाला दिला जातो. खरे कारण पुष्कळदा वेगळे असते: ‘स्लीप’ या शब्दाचा अर्थच मधल्या काळात बदलला आहे.

१९९२ मध्ये आलेल्या एपीएम या वीज-व्यवस्थापनाच्या पद्धतीत झोपेची सूत्रे मुख्यतः बायॉसच्या, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या, हाती होती, आणि वरच्या प्रोग्रॅममध्ये काय चालले आहे याची बायॉसला फारशी कल्पना नसे. डिसेंबर १९९६ मध्ये तीन कंपन्यांनी मिळून एसीपीआय हे वीज-व्यवस्थापनाचे नवे मानक प्रसिद्ध केले आणि हा अधिकार ऑपरेटिंग सिस्टिमकडे आला. याच मानकाने एस० (जागे) ते एस५ (बंद) अशा अवस्था ठरवल्या. त्यांतल्या झोपेच्या दोनच खऱ्या अर्थाने रुळल्या. एस३ मध्ये प्रोसेसरची आणि बहुतेक उपकरणांची वीज तोडली जाते व रॅमला, म्हणजे चालू काम धरून ठेवणाऱ्या स्मृतीला, आतला मजकूर टिकवण्यापुरती वीज मिळत राहते. एस४ मध्ये, म्हणजे हायबरनेटमध्ये, तो मजकूर डिस्कवर उतरवून यंत्र बंद होते. एस३ मध्ये असताना वीज गेली तर जतन न केलेले काम जाते, म्हणून वागळे इस्टेटमधल्या एखाद्या छोट्या कार्यालयात यूपीएसविना चालणाऱ्या डेस्कटॉपला एस४ च अधिक भरवशाची.

वादग्रस्त निर्णय त्यानंतरचा आहे. मोबाइल फोन हातात घेताच जागा होतो आणि खिशात असतानाही निरोप घेत राहतो. लॅपटॉपनेही तसेच करावे, या अपेक्षेने २०१२ पासून नवी पद्धत आणली गेली. तिच्यात यंत्र एसीपीआयच्या अर्थाने झोपतच नाही. ते एस० मध्येच राहते, पडदा विझतो आणि प्रत्येक भागाने आपापली हालचाल थांबवावी अशी अपेक्षा असते. एस३ म्हणजे घराचा मेन स्विच पाडणे. नवी पद्धत म्हणजे प्रत्येक खोलीतल्या माणसाने आपला दिवा आठवणीने मालवावा यावर विसंबणे. वायफाय कार्डाचा एखादा सदोष ड्रायव्हर (ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) किंवा मध्येच सुरू झालेले अपडेट एवढ्यानेही संपूर्ण चिप खोल विश्रांतीपर्यंत पोहोचत नाही, आणि बंद बॅगेत त्या उष्णतेला वाट नसते.

या पद्धतीचे फायदे खरे आहेत. एस३ मधून उठताना प्रोसेसर आणि उपकरणे नव्याने सज्ज करावी लागत, तो वेळ आता वाचतो. परंतु अनेक नव्या लॅपटॉपांच्या फर्मवेअरमधून, म्हणजे यंत्रातच बसवलेल्या मूळ प्रोग्रॅममधून, एस३ काढूनच टाकण्यात आली, आणि मेनूत मात्र ‘स्लीप’ हा जुनाच शब्द राहिला. वीज तोडणारी झोप आणि वीज चालू ठेवणारी झोप यांना एकच नाव देणे, तेही वापरणाऱ्याला निवड न ठेवता, हे माझ्या मते या साऱ्या इतिहासातले सर्वांत चुकीचे पाऊल आहे.

आपल्या यंत्रात कोणती झोप आहे हे विंडोजमध्ये तपासता येते. कमांडच्या खिडकीत ‘पॉवरसीएफजी’, एक जागा सोडून तिरपी रेघ आणि ‘ए’ ही आज्ञा रोमन लिपीत टाइप केली की उपलब्ध अवस्थांची यादी येते. तिच्यात एस३ नसून ‘एस० लो पॉवर आयडल’ असेल, तर लोकलच्या प्रवासासाठी झाकण मिटण्याच्या क्रियेला हायबरनेट नेमून देणे अधिक सुरक्षित. एसएसडी ही वेगवान डिस्क असल्यास हायबरनेटमधून उठायला फार वेळ लागत नाही. मात्र पॉवरच्या मेनूत हायबरनेट बहुधा मुळात दिसत नाही. ते सेटिंगमध्ये जाऊन आधी चालू करावे लागते.