टायमिंग चेनच्या खुणा जुळवण्याआधी

जुन्या मोटरसायकलचं इंजिन बांधताना एक टप्पा असा येतो, की ब्लॉक बसलेला असतो, हेड आवळलेलं असतं आणि मधल्या पोकळीतून वर काढलेली टायमिंग चेन तारेला लटकत असते. क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो तो मुख्य दांडा, याच चेनने वाल्व उघडणारा कॅम फिरवतो. तार सुटली तर चेन सरळ क्रँककेसमध्ये. (माझी एकदा सुटली आहे. तेव्हापासून मी दोन तारा बांधतो.) पुढचं काम सर्व्हिस मॅन्युअलमध्ये चार ओळींत आटोपलेलं असतं: रोटरवरची ‘टी’ खूण (पिस्टन सगळ्यात वर असल्याची) जुळवा, कॅम स्प्रॉकेटवरची (कॅमच्या दातेरी चाकावरची) रेघ हेडच्या कडेशी समांतर ठेवा, चेन चढवा, टेन्शनर (चेनचा सैलपणा घेणारा भाग) सोडा. या चार ओळी इतक्या नाजूक का झाल्या, हे कळायला शंभरेक वर्षं मागे जावं लागतं.

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक व्हायला हवा. म्हणजे कॅमच्या चाकाला क्रँकच्या चाकाच्या दुप्पट दाते. अगदी सुरुवातीच्या इंजिनांत हा प्रश्न अर्धाच होता. इनलेट वाल्व पिस्टनच्या ओढीनेच उघडायचा, कॅम लागायचा तो फक्त एक्झॉस्टला. तो क्रँकच्या शेजारीच असल्यामुळे दोन गिअर भिडवले की काम झालं. पुढे दोन्ही वाल्व हेडमध्ये गेले तरी कॅम खालीच राहिला आणि वर ठोका पोचवायला पुशरॉड आले. फेरे वाढले तशी ही लांबलचक रांग जड पडू लागली: टॅपेट, पुशरॉड, रॉकर हे सगळं मिनिटाला हजारो वेळा वरखाली करायचं, तर स्प्रिंगला ते आवरेना. मग कॅमच हेडवर न्यायचा असं ठरलं. आणि तिथे प्रश्न आला अंतराचा.

अंतर कापायचे मुख्य मार्ग तीन: गिअरची रांग, उभा शाफ्ट आणि त्याच्या दोन्ही टोकांना बेव्हल गिअर, किंवा चेन. रेसच्या दुनियेत शाफ्टला मान होता. व्हेलोसेटची के मालिका १९२५ साली आली ती शाफ्ट आणि बेव्हल घेऊन, आणि १९२६ ची ज्युनिअर टीटी (आइल ऑफ मॅनवरची शर्यत) जिंकून गेली. नॉर्टनने १९२७ च्या सीएस१ मध्ये तोच मार्ग धरला आणि पुढे रेसच्या मँक्सपर्यंत सोडला नाही. दिसायला देखणी, चालीला अचूक अशी ही रचना, पण महागडी. बेव्हलचे दाते एकमेकांत किती खोल बसतात ते शिम (पातळ चकत्या) घालून जुळवावं लागतं. त्यात इंजिन तापलं की सिलिंडर उंचीला वाढतो, म्हणून शाफ्टमध्ये ओल्डहॅम कपलिंग हा सरकता जोड घालून त्याला सरकायला जागा ठेवावी लागते. हा सगळा काटेकोरपणा कारखान्यातल्या कारागिराच्या हातात होता आणि गाडीच्या किमतीत मोजला जात होता.

चेन तोवर तयारच होती. मूळचे स्विस असलेल्या हान्स रेनॉल्ड यांनी मँचेस्टरमध्ये १८८० साली बुश-रोलर चेन बनवली. पिनेवर बुश आणि बुशवर फिरणारा रोलर, ही आजच्या टायमिंग चेनमध्येही ओळखू येणारी बांधणी. (छोट्या मापाच्या चेनमध्ये जागेअभावी रोलर गाळून नुसता बुश ठेवतात, हातात धरून पाहिलं की कळतं.) १८९५ च्या सुमारास त्यांनीच उलट्या दातांची, कमी आवाज करणारी चेनही आणली. म्हणजे कॅम वर गेला तेव्हा चेनचं तंत्र चांगलं मुरलेलं होतं. नव्हता तो तिचा सैलपणा आवरायचा भरवशाचा उपाय.

तो मोटारींकडून आला. जॉन वेलर यांनी एसी कंपनीसाठी केलेल्या सहा सिलिंडरच्या इंजिनात, १९१९ साली, ओव्हरहेड कॅम चेनने फिरत होता आणि स्प्रिंगच्या पोलादाची एक वाकवलेली पट्टी त्या चेनवर सतत दाब ठेवत होती. हा वेलर टेन्शनर. मोटरसायकलमध्ये एजेएसने १९२७ साली चेनवर चालणारा ओव्हरहेड कॅम आणला. एडवर्ड टर्नर यांच्या पहिल्या एरियल स्क्वेअर फोरमध्येही कॅम वर होता आणि चेनवरच फिरत होता. पण चेनची खरी लायकी सिद्ध केली ती १९४८ च्या रेसच्या एजेएस ७आरने. तिच्या शर्यती बेव्हलवाल्या मँक्सशी होत्या आणि ती त्यात कमीपणा न आणता धावली. माझं प्रामाणिक मत, चेनला ‘स्वस्तातला पर्याय’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ७आरकडे एकदा पाहावं.

चेन फक्त वरच्या कॅमसाठीच वापरली गेली असंही नाही. नॉर्टनच्या पुशरॉडवाल्या ट्विन इंजिनांत पुढच्या बाजूचा कॅम चेननेच फिरतो, आणि बीएमडब्ल्यूने १९६९ च्या /५ मालिकेत क्रँकखालच्या कॅमसाठी गिअर सोडून चेन घेतली.

मग जपान. १९५५ च्या ड्रीम एसएपासून होंडाने ओव्हरहेड कॅमची वाट धरली. १९६५ च्या सीबी४५० मध्ये दोन कॅम, एक लांब चेन आणि तिला वळवायला रोलर-गाइडचा ताफा होता. १९६९ ला सीबी७५० आली. चार सिलिंडर, एक कॅम, आणि चेन बरोबर मधोमध, दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधल्या बोगद्यातून. १९७२ ची कावासाकी झी१ दोन कॅमची, पण चेन तिचीही मधोमधच. क्रँकची दोन्ही टोकं आल्टरनेटर आणि इग्निशनच्या पॉइंटसाठी मोकळी राहिली, आणि मधूनच जोर मिळाल्यामुळे कॅमला पीळही कमी बसला.

चेन निवडण्यामागचं गणित सरळ होतं. हेडची गॅस्केट थोडी जाड-पातळ असली, ब्लॉक तापून वाढला, कास्टिंगमध्ये बारीक फरक राहिला, तरी चेन ते पोटात घालते. हजारो इंजिनं काढायची तर प्रत्येकाला शिम लावत बसणं परवडणारं नव्हतं. पण काटेकोरपणा नाहीसा झाला नाही. तो कारखान्यातून उठून इंजिन पुन्हा बांधणाऱ्याच्या टेबलावर येऊन बसला. मॅन्युअलमधल्या त्या चार ओळी म्हणजे तोच.

आता एकेक ओळ पाहू. चेनच्या दोन बाजू असतात: क्रँक जी ओढतो ती ताणाची आणि दुसरी सैल, जिथे टेन्शनर बसतो. कॅमची वेळ ठरवते ती ताणाची बाजू. म्हणून चेन चढवताना ती बाजू आधी सरळ ताणायची आणि सगळा सैलपणा टेन्शनरकडे ढकलायचा. उलट केलं तर खुणा जुळलेल्या दिसतात, टेन्शनर सोडला की कॅम सरकतो. ३४ दात्यांच्या कॅम स्प्रॉकेटवर एक दात चुकला तर कॅम साडेदहा अंश हलतो, म्हणजे क्रँकचे एकवीस. बऱ्याच इंजिनांत एवढ्याने वाल्व पिस्टनला भिडू शकतो. सगळं बांधल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा पाहायच्या त्या यासाठी, आणि कुठे अडलं तर जोर न लावता थांबायचं.

‘चेन ताणली गेली’ असं आपण म्हणतो, पण पोलाद ताणलं जात नाही. पिना आणि बुश झिजतात. ७.७७४ मिमी पिचच्या (एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर) चेनमध्ये प्रत्येक सांध्यात फक्त ०.०५ मिमी झीज धरा आणि ताणाच्या बाजूला चाळीस सांधे. झाले दोन मिमी. त्याच स्प्रॉकेटवर कॅम साधारण पावणेतीन अंश मागे पडला, क्रँकच्या हिशेबाने साडेपाच. टेन्शनर सैलपणा घेतो, आवाज बंद करतो, पण ही मागे पडलेली वेळ परत आणत नाही. हेड घासून घेतलं की हाच परिणाम होतो: अर्धा मिमी घासलं तर क्रँकचा सुमारे दीड अंश. रेसवाले भोकं लांबट केलेलं, म्हणजे कॅमवर थोडं फिरवून वेळ जुळवता येणारं स्प्रॉकेट का लावतात, ते यावरून समजावं.

टेन्शनरबद्दल गैरसमज सगळ्यात जास्त. त्या काळातल्या होंडांमध्ये दांडा स्प्रिंगने पुढे जातो आणि बोल्ट त्याला तिथेच धरून ठेवतो. ताण स्प्रिंग देते. आपण फक्त तो पक्का करायचा. हाताने वरून दाबलं की चेन जास्त ताणली जाते आणि गाइडचं रबर घासलं जातं. क्रँक कुठल्या अंशावर असताना बोल्ट सोडायचा हेही ठरलेलं असतं, कारण वाल्व बंद होताना त्याची स्प्रिंग कॅमला पुढे ढकलते आणि सैलपणा नको त्या बाजूला जातो. पुढे दात्यांचे स्वयंचलित टेन्शनर आले. ते बसवण्याआधी दांडा पूर्ण आत घेऊन ठेवायचा असतो. बाहेर आलेल्या दांड्यासकट बोल्ट आवळले, तर चेन नव्हे, सगळं इंजिन किंचाळतं.

राहिला जोड. चेन मधोमध असल्याचं ओझं इथे कळतं. सीबी७५० मध्ये अखंड चेन बदलायची तर क्रँककेस उघडून क्रँक काढायला हवा. तेवढ्यासाठी अख्खं इंजिन कोण खोलणार? म्हणून जुनी चेन तोडायची, नवी तिला जोडून हळूहळू आत ओढायची आणि शेवटची कडी रिव्हेट करायची. क्लिपची कडी बाहेरच्या, मागच्या चाकाच्या चेनला ठीक. आत क्लिप निसटली तर ती कुठे जाईल याची कल्पना न केलेली बरी. रिव्हेटचं डोकं सगळीकडून सारखं फुललं पाहिजे आणि कडी बोटाने मोकळी हलली पाहिजे. इंजिन सगळं खोललेलंच असेल तर मात्र जोडाच्या फंदात न पडता अखंड चेनच टाकावी.

१९८४ च्या कावासाकी जीपीझेड९००आरने चेन मधून काढून क्रँकच्या डाव्या टोकाला नेली. मधली एक बेअरिंग वाचली, इंजिन अरुंद झालं. होंडाने तर १९८६ च्या व्हीएफआर७५० मध्ये चेन सोडून पुन्हा गिअरची रांग घेतली. टेबलावर चेन तोडायचं आणि रिव्हेटचं हत्यार लागतं ते मुख्यतः या दोघींच्या आधीच्या, मधोमध चेन असलेल्या इंजिनांसाठी.