नोकरभरतीतील पारदर्शकता

जागा किती, पात्रता काय, निवड कोण आणि कशाच्या आधारे करणार, शेवटी कोणाला घेतले, हे उमेदवाराला कळू शकेल अशी भरतीची पद्धत. जात, धर्म, लिंग, अपंगत्व किंवा वशिला यांमुळे निवड बदलू नये, ही न्याय्य भरतीची अट. ती पाळली गेली का, हे पारदर्शकतेशिवाय तपासताच येत नाही.

कोल्हापुरात याचा जुना दाखला आहे. १८९४ मध्ये शाहू महाराज गादीवर आले तेव्हा संस्थानच्या सर्वसाधारण प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० ब्राह्मणांकडे होत्या. २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांतून भरायच्या ठरल्या. एवढे सर्वांना ठाऊक असते. त्याच हुकुमातले दुसरे कलम मात्र फारसे आठवले जात नाही, आणि तेच इथे मोलाचे आहे: हुकुमानंतर झालेल्या नेमणुकांचे तिमाही पत्रक प्रत्येक खातेप्रमुखाने सादर करायचे होते.

खाजगी कंपन्यांवर असा हिशेब देण्याचे बंधन तुटपुंजे आहे. संविधानाचा अनुच्छेद १६ सरकारी नोकरीपुरता आहे. १९५९ च्या कायद्याने २५ किंवा अधिक कामगारांच्या खाजगी आस्थापनांना रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळवायला लावल्या, पण तिथूनच माणूस घेण्याची सक्ती केली नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार समान संधी धोरण खाजगी आस्थापनांनीही जाहीर करायचे असते.

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींत फाउंड्री आणि मशीन शॉपमधल्या जागेची बातमी पुष्कळदा नातेवाइकाकडून किंवा लेबर कॉन्ट्रॅक्टरकडून कळते. ओळखीच्या माणसाचा भरवसा वाटतो, हे खरेच. पण ज्याच्या घरातून आजवर कुणी कारखान्यात गेले नाही, तो आयटीआय झालेला फिटर कितीही हुशार असो, त्याच्यापर्यंत जागेची बातमीच पोचत नाही. त्याला कुणी नाकारलेले नसते, त्यामुळे दाद मागायलाही जागा उरत नाही.

मोठ्या कंपन्यांत जाहिरात निघते, तरी चाळणी होतेच. सुखदेव थोरात व पॉल अटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खाजगी कंपन्यांना पाठवले होते. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणी कमी आली. म्हणून पहिल्या छाननीत नाव झाकणे, सर्वांना तेच प्रश्न विचारणे, ट्रेड टेस्टचे गुण उमेदवाराला दाखवणे हे उपाय साधे असले तरी आवश्यक आहेत.

शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या नियमानुसार २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १,००० बाजारात नोंदलेल्या कंपन्या आपल्याकडच्या स्त्रिया व दिव्यांग कर्मचाऱ्यांची संख्या जाहीर करतात. अर्ज किती जणांनी केले आणि त्यांतले कोण कोणत्या टप्प्यावर गळाले, हे त्यात विचारलेले नाही.