'एपीटी इन्स्टॉल जेन्किन्स'च्या मागे काय काय आहे

टाळेबंदीत गावी आलेले काही चाकरमानी परत गेलेच नाहीत. कुडाळ, सावंतवाडी, रत्नागिरीत अशा चार-पाच जणांच्या टीम घरच्या माडीवरून काम करतात. टेबलाखाली जुना डेस्कटॉप, त्यावर उबंटू ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम आणि त्यात जेन्किन्स हा प्रोग्रॅम. टीमच्या सामायिक साठ्यात कोणी कोड ढकलला की हे मशीन तो आपणहून बिल्ड करतं, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्रॅम तयार करतं, टेस्ट चालवतं आणि मोडलं तर बोंब मारतं. वरवर पाहता बसवायला लागतो एपीटीचा, म्हणजे उबंटूवर प्रोग्रॅम आणून बसवणाऱ्या साधनाचा, एक आदेश. त्या आदेशात दोन वेगवेगळे इतिहास एकत्र आले आहेत.

पहिला आहे वेळच्या वेळी कोड जोडण्याचा. आधी प्रत्येक जण महिना-महिना आपापलं लिहायचा आणि शेवटी सगळं एकत्र करताना नाकी नऊ यायचे. 1990 च्या दशकाच्या अखेरीस केंट बेक यांच्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या कामाच्या पद्धतीने सांगितलं की जोडणी रोज करा, दिवसातून अनेकदा करा. मार्टिन फाउलर यांनी 2000 मध्ये त्यावर सविस्तर लेख लिहिला. 2001 मध्ये थॉटवर्क्स या कंपनीतून ही जोडणी आपोआप तपासणारं क्रूझकंट्रोल हे साधन आलं. ते उपयोगी होतं, पण एक्सएमएल फाइल हाताने लिहून सेटिंग करावं लागायचं, आणि त्याचा कंटाळा कोणाला येणार नाही?

सन मायक्रोसिस्टिम्समध्ये काम करणाऱ्या कोहसुके कावागुची यांच्या कोडने बिल्ड मोडायचं आणि सहकाऱ्यांची नाराजी त्यांच्या वाट्याला यायची. आपला कोड आधीच तपासून घ्यावा म्हणून त्यांनी 2004 मध्ये हडसन, म्हणजे जेन्किन्सचं आधीचं रूप, लिहायला घेतलं. 2005 मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. त्याची खरी गंमत बसवण्याच्या सोपेपणात होती. सगळा प्रोग्रॅम बांधलेली एकच वॉर फाइल, जावाने चालवायची, की ब्राउझरमध्ये 8080 पोर्टवर (मशीनच्या त्या क्रमांकाच्या दारावर) पान हजर. सेटिंगही तिथेच, माउसने. 2010 मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली, नावाच्या हक्कावरून वाद झाला आणि जानेवारी 2011 मध्ये प्रकल्पाच्या लोकांनी मतदान करून जेन्किन्स हे नाव घेतलं. जुन्या नावाने ओरॅकलकडे उरलेलं हडसन नंतर एक्लिप्स फाउंडेशनकडे गेलं आणि हळूहळू विझलं.

दुसरा इतिहास मशीनवर प्रोग्रॅम बसवण्याचा. तो कोकणातल्या माणसाला जास्त जवळचा वाटेल, कारण त्यात अर्ध्यावर बंद पडण्याचा विचार आधीच केलेला आहे. उबंटू ज्यावर उभं आहे तो डेबियन प्रकल्प इयन मरडॉक यांनी 1993 मध्ये सुरू केला आणि 1994 मध्ये पॅकेज, म्हणजे बसवण्यासाठी बांधलेला प्रोग्रॅम, उघडून बसवणारं डीपीकेजी आलं. त्याला पुढचं रूप इयन जॅक्सन यांनी दिलं. डीपीकेजी प्रत्येक पॅकेजची अवस्था एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून ठेवतं: उघडलेलं, अर्धवट बसलेलं, अर्धवट जुळवलेलं, पूर्ण बसलेलं. जून 2020 चं निसर्ग आणि मे 2021 चं तौक्ते ही चक्रीवादळं सोडाच, साध्या आषाढातसुद्धा इन्स्टॉल चालू असताना लाइट जाते. मशीन परत सुरू केल्यावर एपीटी सांगतं की डीपीकेजी मध्येच थांबलं होतं, आधी 'कॉन्फिगर' आणि 'ए' पर्याय देऊन ते पूर्ण करा. तो आदेश दिला की त्या फाइलमध्ये बघून राहिलेलं काम पुरं होतं. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

डीपीकेजीची अडचण वेगळी होती. अमुक लायब्ररी (पॅकेजला लागणारा दुसऱ्याचा तयार कोड) नाही, म्हणून ते कुरकुर करायचं, पण ती आणून द्यायचं नाही. ते काम एपीटीने केलं. 1998 मध्ये त्याची पहिली रूपं आली, मार्च 1999 च्या डेबियन 2.1 मध्ये ते सर्वांच्या हाती पडलं. तुटलेलं डाउनलोड ते 'पार्शल' फोल्डरमध्ये ठेवतं आणि सर्व्हरने साथ दिली तर तिथूनच पुढे चालू करतं. जेन्किन्सचं पॅकेज शंभर एमबीच्या आसपास आहे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ते उतरवणाऱ्याला या सोयीची किंमत कळते.

पॅकेज खरोखर त्याच माणसांकडून आलंय का, हे डिजिटल सहीवरून तपासण्याची सोय मात्र डेबियनच्या स्थिर आवृत्तीत एप्रिल 2007 मध्ये, 4.0 बरोबर आली. जेन्किन्सच्या पानावर इन्स्टॉलच्या आधी जी की, म्हणजे सही पडताळायची किल्ली, उतरवून घ्यायला सांगतात, ती यासाठीच. बरेच जण ती ओळ काय आहे ते न बघता चिकटवतात. मग प्रकल्पाने सहीची की बदलली, जशी 2020 आणि 2023 मध्ये बदलली, की ऑफिसातून फोन येतो: "दादा, परवापर्यंत चालत होतं, आज अपडेटच घेत नाही." नवी की आणली की काम होतं. सही तपासणंच बंद करण्याचा उपायही कोणीतरी हमखास सुचवतं. तो करू नये.

जेन्किन्स ज्यावर चालतं त्या जावाचं दुखणं आणखी वेगळं. जेन्किन्सचं पॅकेज जावा स्वतःहून ओढून आणत नाही. आधी जावा नसेल, किंवा जुना असेल, तर इन्स्टॉल झाल्यासारखं दिसतं आणि सर्व्हिस उठत नाही. 2022 मध्ये किमान जावा 11 लागू लागला, 2024 मध्ये 17.

बसल्यावर पहिलं पान पासवर्ड मागतं. 2016 च्या जेन्किन्स 2.0 आधी तसं नव्हतं; नवं जेन्किन्स लॉगिनशिवाय उघडं असायचं आणि कॉलेजच्या लॅनवर असेल तर कोणीही त्यात आदेश चालवू शकायचा. आता तो पासवर्ड जेन्किन्सच्या घरच्या फोल्डरात 'सीक्रेट्स'मध्ये असतो आणि सुडोशिवाय, म्हणजे मशीनच्या मुख्य अधिकाराशिवाय, वाचता येत नाही.

त्यानंतर 'सुचवलेले प्लगइन' (जेन्किन्सला जोडायचे छोटे पूरक प्रोग्रॅम) हे बटण येतं. इथे एपीटीचा संबंध संपतो. प्लगइनची यादी, डाउनलोड, कोणाला कोण लागतो याचा हिशेब, सगळं जेन्किन्स स्वतःच्या अपडेट सेंटरवरून करतं. असे प्लगइन 1800 हून अधिक आहेत. त्या वेळी लाइट गेली तर डीपीकेजीची ती फाइल उपयोगाची नाही. काही प्लगइन लाल फुलीसह राहतात, त्यांचा 'पुन्हा प्रयत्न' जेन्किन्सच्याच पानावरून करावा लागतो. म्हणून पावसाळ्यात हे काम इन्व्हर्टर चार्ज असतानाच करायला घ्यावं.