बुडालेल्या पगाराचा हिशेब

शिक्षणावर सरकार जीडीपीच्या किती टक्के खर्च करतं, यावर वाद रंगतात. २०१५ साली दक्षिण कोरियातल्या इंचिऑनमध्ये देशांनी ४ ते ६ टक्के हे माप मान्य केलं. पण सोळा ते चोवीस वयाची मुलं शिकत राहतात की नाही, ते या टक्क्यावरून नेमकं कळत नाही.

मंदीचंच बघा. जीडीपी घसरतो, त्यामुळे एक पैसाही न वाढवता शिक्षणाचा टक्का फुगतो. नोकऱ्या आटतात, म्हणून तरुण पुन्हा कॉलेजात नाव घालतात. दोन्ही आलेख एकदम चढतात आणि श्रेय मात्र खर्चाला मिळतं! जर्मनीत याच्या उलट. तिथले शिकाऊ उमेदवार थोडे दिवस व्यवसाय शाळेत, उरलेले कंपनीत काढतात. विद्यावेतन कंपनी देते, ते सरकारी खर्चात धरलं जात नाही. म्हणजे मुलं शिकत राहतात, पण ते टक्क्यात दिसत नाही.

सोळाव्या वर्षी शिक्षण महाग पडतं ते फीमुळेच असं नाही. फी माफ असली तरी वर्गात बसलेल्या मुलाचा पगार बुडतोच, आणि गरिबाघरी तो पगार मोजलेला असतो. इंग्लंडने १९९९ मध्ये निवडक भागांत नेमकी ही तूट भरून पाहिली. २००४ पासून देशभर लागू झालेल्या योजनेत कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना आठवड्याला ३० पौंडांपर्यंत भत्ता मिळे. विनाकारण दांडी मारली की त्या आठवड्याचे पैसे गेले. सुरुवातीच्या भागांची तुलना तशाच इतर भागांशी केली, तेव्हा पात्र मुलांपैकी शंभरात चार-पाच जास्त जण पूर्णवेळ शिकताना दिसले.

चार-पाचच? सरकारनेही हेच विचारलं. बाकीचे भत्त्याविना शिकलेच असते, असं म्हणत २०१०मध्ये योजना गुंडाळायचं ठरलं. माझ्या मते हिशेब अर्धाच झाला. त्या चार-पाच जणांची पुढच्या तीस-चाळीस वर्षांची वाढीव कमाई धरली तर खर्च भरून निघण्याची शक्यता बरीच होती, असं अर्थतज्ज्ञांनी तेव्हाच मांडलं होतं.

शाळेवरच्या खर्चाचा परिणाम तर आणखी उशिरा दिसतो. अमेरिकेत न्यायालयांच्या आदेशांमुळे काही ठिकाणी शाळांचा निधी वाढला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या मुलांचा मोठेपणापर्यंत माग काढला होता. बारा वर्षं दर विद्यार्थ्यामागचा खर्च १० टक्के जास्त राहिला, तर शिक्षण सरासरी ०.३१ वर्षाने लांबलं आणि वेतन सुमारे ७ टक्क्यांनी वाढलं. गरीब घरांत फरक अधिक. यातला पहिला पैसा खर्च झाला तेव्हा ही मुलं पहिलीत होती. त्या वर्षीच्या तरुणांच्या आकडेवारीत त्याचा मागमूसही नव्हता.